पस्तिशीतले सेवानिवृत्त



कामगार चळवळीतल्या माणसाने क्रिकेटवर बोलावे याचे आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. चिटणिसांनी बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय लिहिला, तेव्हा एक गृहस्थ आमच्यादेखतच म्हणाले, "यांनी बोनसवर बोलावे, हे बॅट घेऊन कुठे निघाले?" त्यांचा प्रश्न रास्त आहे, तेव्हा त्याचे उत्तर आधी देऊन टाकतो. आम्ही क्रिकेट खेळलो ते चाळीमागच्या बोळात, भिंतीवर कोळशाने काढलेल्या यष्टींपुढे. चेंडू आत कसा वळवावा आणि बाहेर कसा न्यावा हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु हातचे काम सुटले म्हणजे माणसाचे काय होते, हे आम्ही तीस वर्षे जवळून पाहात आलो आहोत. आणि धंदेवाईक क्रिकेटपटू हा, त्याच्या भोवतीचा झगमगाट बाजूला केला, तर अंगमेहनत विकून पोट भरणारा कामगारच आहे. फरक इतकाच की, आपण साठीला निवृत्त होतो आणि तो पस्तिशीला होतो.

हा विषय आमच्या डोक्यात कसा शिरला ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एक उंच, रुंद खांद्यांचा गृहस्थ आमच्या युनियनच्या कचेरीत आला. खेळाडू म्हणून एका मोठ्या कंपनीत त्याला घेतले होते. बारा-तेरा वर्षे त्याने कंपनीच्या संघाकडून जलद गोलंदाजी केली. सकाळी हजेरीपटावर सही करायची, अकरा वाजता पिशवी खांद्याला लावून मैदानावर जायचे, हा त्याचा नेम. पुढे कंपनीने संघच बंद केला. नोकरी गेली नाही. त्याला आवक-जावक विभागात टेबल दिले. आम्ही विचारले, "पगार कापला काय?" तो म्हणाला, "नाही दादा." "बढती अडवली?" "नाही." मग आम्ही जरा त्रासूनच म्हणालो, "अरे, बाहेर गेटवर माणसे कामासाठी रांगा लावून उभी आहेत. तुला पंख्याखाली बसून पगार मिळतो. आनंद मान!" त्यावर तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "दादा, अकरा वाजले की मी उठून उभा राहतो. पाय आपोआप दाराकडे जातात. मग सगळे हसतात."

ते वाक्य त्या दिवशी आम्हांस कळले नाही. आम्ही पगार, भत्ता आणि ग्रॅच्युइटी एवढेच मोजायला शिकलो होतो. तो मुकाट्याने उठून गेला. आमचे चुकले, हे ध्यानात यायला दोन आठवडे लागले. तेव्हापासून या धंद्याची जी माहिती हाती लागली ती आम्ही वाचली. शाळा आमची सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कपाटातले. तेव्हा मांडणीत उणे असेल ते श्रोत्यांनी सांभाळून घ्यावे.

निवृत्ती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे १६ नोव्हेंबर २०१३ चे वानखेडे मैदान उभे राहते. सचिन तेंडुलकर दोनशेवा कसोटी सामना संपवून बोलत आहे, सारे मैदान उभे आहे, घरोघरी माणसे डोळे पुसत आहेत. ते दृश्य खरेच. परंतु तसा निरोप हजारांत एकाला मिळतो. बाकीच्यांचा खेळ संपतो तो एखाद्या यादीत. काल नाव होते, आज नाही. इंग्लंडमध्ये काउंटीचा करार हंगामाअखेरीस संपतो, आणि पुढचा करार मिळणार नाही हे एका बैठकीत सांगितले जाते. आपल्याकडे राज्याचा संघ जाहीर होतो आणि ज्याचे नाव गळले त्याला ते पुष्कळदा इतरांबरोबरच समजते. कित्येकांना तर आपला शेवटचा सामना शेवटचा होता हे नंतर कळते. हार नाही, नारळ नाही, भाषण नाही. गिरणीतला माणूससुद्धा निवृत्तीच्या दिवशी खात्यात पेढे वाटतो. या धंद्यात पेढ्यांचा दिवसच सापडत नाही.

दुसरा मार्ग दुखापतीचा. इंग्लंडचा जेम्स टेलर हा फलंदाज एप्रिल २०१६ मध्ये हंगामाची तयारी करीत होता. वय सव्वीस. छातीत त्रास झाला, तपासणीत हृदयाचा गंभीर विकार निघाला, आणि त्याच आठवड्यात त्याचा खेळ कायमचा थांबला. २०१८ मध्ये इंग्लंडच्या मंडळाने त्याला निवड समितीवर घेतले, ही समाधानाची गोष्ट. परंतु सव्वीस वर्षांच्या माणसाला "आता पुन्हा बॅट धरू नको" असे डॉक्टरांनी सांगितले, तर त्या रात्री त्याने काय करावे हे कोणत्याही करारात लिहिलेले नसते.

आता थोडे मागे जाऊ. आपल्या मुलखातला पहिला मोठा धंदेवाईक क्रिकेटपटू कोण, असे विचारले तर आम्ही पळवणकर बाळू यांचे नाव घेऊ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते पुण्यात आधी एका पारशी क्लबात आणि मग युरोपियनांच्या क्लबात मैदानाची निगा राखीत. खेळपट्टी झाडणे, रोलर फिरवणे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणे, हे त्यांचे काम; पगार महिना तीन-चार रुपये. पुढे १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. चांभार जातीत जन्म, म्हणून त्यांना चहा तंबूबाहेर निराळ्या भांड्यात दिला जाई, आणि संघाचे कप्तानपद त्यांना कधीच मिळाले नाही. क्रिकेट सुटल्यावर ते सार्वजनिक कार्यात उतरले. १९३७ च्या मुंबई प्रांताच्या निवडणुकीत ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. त्यांच्या राजकारणाविषयी मतभेद असू शकतील. आम्हांस येथे एवढेच म्हणावयाचे आहे की, खेळ संपल्यावर त्यांना उभे राहण्यास दुसरे मैदान सापडले.

दुसरे उदाहरण पुण्याजवळच्या फुलगावचे जनार्दन नवले यांचे. जून १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताने पहिला कसोटी सामना खेळला. त्यात भारतातर्फे पहिला चेंडू ज्यांनी खेळला ते हे यष्टिरक्षक-सलामीवीर. एका देशाच्या कसोटी फलंदाजीचा इतिहास ज्यांच्या बॅटपासून सुरू झाला, त्यांनी उत्तरायुष्यात साखर कारखान्यावर पहारेकऱ्याची नोकरी केल्याचे क्रिकेटचे इतिहासकार नोंदवतात. १९७९ साली पुण्यात ते वारले. पहारा करणे यात हलके काही नाही, हे पुढे सांगणारच आहोत. परंतु त्यांच्यासाठी निवृत्तिवेतन नव्हते, भविष्यनिर्वाह निधी नव्हता आणि संघटना नव्हती, हे विसरता येत नाही.

हा धंदा मुळात इंग्लंडचा, तेव्हा तिथली व्यवस्था समजून घेतली पाहिजे. तिथे १९६२ अखेरपर्यंत खेळाडूंचे दोन वर्ग होते. हौशी म्हणजे 'जंटलमन', आणि पगारी म्हणजे 'प्लेयर'. एकाच संघात खेळून त्यांचे कपडे बदलण्याचे दालन पुष्कळ ठिकाणी निराळे असे आणि मैदानात उतरण्याचे दारही निराळे असे. पगारी खेळाडूला उन्हाळ्याचे पैसे मिळत. हिवाळ्यात तो पडेल ते काम करी. म्हातारपणाची सोय म्हणून एक प्रथा होती, ती बेनिफिट सामन्याची. काउंटीकडून बरीच वर्षे, साधारणपणे दशकभर, इमानाने खेळलेल्या माणसाला क्लब एक सामना देई. त्या सामन्याचे उत्पन्न आणि चाहत्यांच्या वर्गण्या त्याच्या पदरात पडत. यावर माणूस शेत घेई, दुकान घाली, नाहीतर खानावळ चालवी.

ऐकायला ही प्रथा फार प्रेमळ वाटते. परंतु तिचे दोन दोष होते. पहिला दोष दैवाचा. पाऊस पडला, सामना लवकर आटोपला, की माणसाची म्हातारपणाची पुंजी बुडाली. अल्बर्ट ट्रॉट हा मिडलसेक्सचा जबरदस्त अष्टपैलू खेळाडू. १९०७ मध्ये लॉर्ड्सवर सॉमरसेटविरुद्ध त्याचा बेनिफिट सामना होता. त्यात त्याने लागोपाठच्या चार चेंडूंवर चार बळी घेतले आणि त्याच डावात पुन्हा एकदा तीन चेंडूंवर तीन बळी टिपले. प्रेक्षकांनी टाळ्या पिटल्या, पण सामना लवकर संपला आणि तिकिटांचे उत्पन्न घटले. आपल्या पराक्रमाने आपलेच नुकसान करून घेणारा असा कामगार दुसऱ्या कोणत्या धंद्यात सापडेल? गिरणीत एखाद्याने जास्त कापड विणले म्हणून त्याची ग्रॅच्युइटी बुडाली असे आम्ही तरी ऐकलेले नाही.

दुसरा दोष अधिक खोल आहे आणि तो एका खटल्यात उघडा पडला. केंटचा जेम्स सीमूर याला १९२० मध्ये बेनिफिट सामना मिळाला. ती रक्कम विश्वस्तांच्या नावे गुंतवली गेली व पुढे शेतखरेदीसाठी त्याला देण्यात आली. प्राप्तिकर खात्याने म्हटले, हे उत्पन्न आहे, कर भरा. खटला थेट उमरावसभेपर्यंत गेला आणि १९२७ मध्ये सीमूर जिंकला. कर माफ का झाला? तर ही रक्कम त्याच्या कामाचा मोबदला नाही, ती चाहत्यांनी आपखुशीने दिलेली भेट आहे, म्हणून. उलट, लँकेशायर लीगमध्ये खेळणारा ऑस्ट्रेलियाचा ब्रूस डूलंड याच्या बाबतीत निकाल फिरला. चांगली कामगिरी केली की मैदानात झोळी फिरवून त्याच्यासाठी पैसे गोळा करीत. परंतु ही झोळी त्याच्या करारात लिहिलेली होती. म्हणून १९५५ मध्ये न्यायालयाने सांगितले की, हा त्याच्या कामाचाच मोबदला आहे, यावर कर लागेल.

श्रोतेहो, या दोन निकालांत आमच्या चळवळीचे सारे तत्त्वज्ञान आले आहे. सीमूरचे पैसे करमुक्त होते, कारण त्यांवर त्याचा हक्क नव्हता. डूलंडच्या पैशांवर कर बसला, कारण ते त्याच्या हक्काचे होते. भेट देणारा मनात येईल तर देतो, न येईल तर देत नाही. बेनिफिट मिळावे म्हणून खेळाडू वर्षानुवर्षे कमी पगारावर एकाच क्लबाला धरून राही, बैठकीत तोंड उघडत नसे. दान घेणाऱ्याला मान खाली घालावी लागते. म्हणून आम्ही म्हणतो, कर भरावा लागला तरी चालेल, पण मिळणारा पैसा हक्काचा असावा.

आता पैशापलीकडच्या गोष्टीकडे वळतो. कारण आमच्या त्या गोलंदाजाला पैशाची अडचण नव्हती. खेळ सुटल्यावर माणसाचे नेमके काय सुटते? आमच्या समजुतीप्रमाणे चार गोष्टी सुटतात.

पहिले सुटते ते वेळापत्रक. बारा-तेरा वर्षांच्या वयापासून त्याचा दिवस दुसऱ्याने आखलेला असतो. केव्हा उठायचे, काय खायचे, कोणत्या गाडीने जायचे, सारे ठरलेले. एके दिवशी सकाळी उठल्यावर त्याला कोणी काहीच सांगत नाही. दुसरी सुटते ती सोबत. संघाच्या खोलीत जी थट्टा चालते, जी भांडणे होतात, एकाच्या अपयशावर दुसरा जो हात पाठीवर ठेवतो, ते घरी मिळत नाही. कारखान्यातल्या जेवणाच्या सुटीत डबे एकत्र उघडतात, त्यातला प्रकार. निवृत्त कामगार कारण नसताना कारखान्याच्या गेटवर येऊन का उभा राहतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. तिसरी गोष्ट शरीराची. जलद गोलंदाज धावत येऊन चेंडू टाकतो, तेव्हा त्याच्या देहाचा सारा भार पुढच्या पायावर आदळतो; कंबर पिळली जाते. हे वर्षातून हजारो वेळा घडते. त्यातून मणक्याला चीर पडते, गुडघे व घोटे झिजतात. खेळत असताना मालिश करणारा असतो, डॉक्टर असतो. खेळ सुटला की गुडघा त्याचा आणि खर्चही त्याचाच.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड. "तुम्ही कोण?" या प्रश्नाचे उत्तर सुटते. लहानपणापासून तो क्रिकेटपटू होता. दुसरे काही होण्यास त्याला फुरसतच मिळाली नाही. आणि त्याच्या बरोबरीची मुले, ज्यांनी शाळेत त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या, ती एव्हाना आपापल्या धंद्यात पंधरा वर्षे मुरलेली असतात. पस्तिसाव्या वर्षी तो त्यांच्यापुढे उमेदवार म्हणून उभा राहतो. ही शरम फार जाळते. इंग्लंडचा आर्थर श्रूसबरी हा आपल्या काळचा अव्वल फलंदाज. १९०२ च्या हंगामापर्यंत तो उत्तम खेळला, पुढे प्रकृतीच्या काळजीने खचला, आणि मे १९०३ मध्ये त्याने आपल्या हाताने जीवन संपवले. वर सांगितलेल्या ट्रॉटचा शेवटही १९१४ मध्ये तसाच झाला; त्याच्या भाड्याच्या खोलीत रोख चार पौंड होते. डेव्हिड फ्रिथ या लेखकाने अशा क्रिकेटपटूंच्या मृत्यूंवर पुस्तकेच लिहिली आहेत. अशा मृत्यूला एकच कारण कधी नसते, आणि सारा दोष खेळावर टाकणेही बरोबर होणार नाही. परंतु मनात काय चालले आहे हे बोलायला माणूस हवा, आणि त्याने "आनंद मान" असे म्हणून ते तोंड बंद करू नये, हा धडा आम्ही स्वतःच्या चुकीतून घेतला आहे.

आपल्याकडे या प्रश्नावर एक उत्तर होते, आणि ते बरेच चांगले होते. ते म्हणजे कचेरीचे क्रिकेट. मुंबईत बँका, सिमेंट व कापड कंपन्या, रेल्वे, टाटांसारखी घराणी आपापले संघ ठेवीत आणि टाइम्स शील्डसाठी लढत. खेळाडूला पगार असे, निधी असे, आणि खेळ संपला तरी टेबल असे. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते. १९७१ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडीज व इंग्लंड या दोघांना त्यांच्याच भूमीवर हरवले. १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यात तिन्ही कसोट्या हरल्यावर त्यांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळले आणि त्यांनी निवृत्ती घेतली. लोकांचा रोष मोठा होता. परंतु त्यांच्यापाशी बँकेतली नोकरी होती, परतायला जागा होती. पुढील पिढीत मात्र हे दार हळूहळू लागत गेले. कंपन्यांनी संघ मोडले, खेळाडूंची भरती आटली. आमचा गोलंदाज त्या बंद होणाऱ्या दाराच्या फटीत सापडलेला माणूस.

त्या व्यवस्थेच्या जागी आज काय आले? पैसा निश्चितच वाढला. २०२१ च्या सप्टेंबरात मंडळाने देशांतर्गत सामन्यांचे मानधन वाढवले. रणजी करंडकासाठी चाळिसांहून अधिक सामने खेळलेल्यास दिवसाला साठ हजार, एकवीस ते चाळीस सामने झालेल्यास पन्नास हजार, आणि त्याहून नवख्यास चाळीस हजार रुपये. साखळीतले सात सामने, प्रत्येकी चार दिवस, असे अठ्ठावीस दिवस नवखा खेळाडू खेळला तर अकरा लाख वीस हजार होतात. रक्कम चांगलीच आहे. आमच्या सभासदांना ती स्वप्नवत वाटेल. परंतु शब्द ध्यानात घ्या : 'दिवसाला'. आमच्या भाषेत ही रोजंदारी झाली. संघात नाव आहे तोवर रोज आहे. बोट मोडले, फॉर्म गेला, की रोज बंद. २०२०-२१ मध्ये साथीमुळे रणजी स्पर्धाच झाली नाही. १९३४-३५ पासूनच्या तिच्या इतिहासात असे प्रथमच घडले. तेव्हा या रोजंदारीचा अर्थ सर्वांना कळला. आदल्या हंगामात खेळलेल्यांना मानधनाच्या निम्मी भरपाई देण्याचे मंडळाने पुढे जाहीर केले, तोवर पुष्कळ महिने लोटले होते.

निवृत्तिवेतनाचे म्हणाल तर मंडळाने २००४ पासून माजी कसोटीपटूंसाठी योजना चालू केली. जून २०२२ मध्ये त्या रकमा वाढल्या. माजी कसोटीपटूंना सदतीस हजार पाचशेचे साठ हजार व पन्नास हजारांचे सत्तर हजार, माजी आंतरराष्ट्रीय महिला खेळाडूंना तीस हजारांचे साडेबावन्न हजार, आणि २००३ पूर्वी निवृत्त झालेल्या प्रथम श्रेणीच्या खेळाडूंना साडेबावीस हजारांचे पंचेचाळीस हजार, अशी ती वाढ होती. हे स्वागतार्ह आहे. तरी जो माणूस दहा-पंधरा सामने खेळून बाहेर पडला, त्याचे काय? खेळाची इमारत ज्यांच्या खांद्यांवर उभी असते, ते हेच लोक. पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले, सत्तेचाळिसाव्या वर्षी मुंबईने त्यांना पुन्हा बोलावले, आणि तरी त्यांना कसोटीची टोपी कधी मिळाली नाही. त्यांची निदान कीर्ती राहिली. ज्यांची कीर्तीही राहिली नाही, त्यांचा हिशेब कोणी ठेवायचा?

येथे आम्हांस वर्तमानपत्रांशी थोडे भांडावयाचे आहे. सूरज रणदीव हा श्रीलंकेचा फिरकी गोलंदाज. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर विश्वचषकाचा जो अंतिम सामना झाला, त्यात तो खेळला होता. २०२१ मध्ये तो मेलबर्न शहरात बस चालवीत असल्याची बातमी आली, आणि ती अशा सुरात छापली गेली की जणू तो तुरुंगात गेला आहे. आम्ही बसचालकांच्या सभांतून बोललेली माणसे. पन्नास उतारू सुखरूप पोचवणे हे चेंडू वळवण्याहून कमी प्रतीचे काम आहे, असे कोणी ठरवले? त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाचा झेवियर डोहर्टी, २०१५ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघातला, सुतारकाम शिकत असल्याचे लोकांना समजले. ते त्याने हसतमुखाने सांगितले. आणि खेळ सुटल्यावर काय करावे हे सुचेना, तेव्हा खेळाडूंच्या संघटनेने वाट दाखवली व शिकण्याच्या खर्चाला हातभार लावला, हेही सांगितले. दोघेही हाताने काम करणारे. हळहळायचेच असेल तर ज्याला काहीच शिकवले गेले नाही त्याच्यासाठी हळहळावे. रंधा किंवा स्टिअरिंग हातात आले म्हणून नव्हे.

डोहर्टीच्या पाठीशी जी संघटना होती ती १९९५ साली स्थापन झाली. इंग्लंडची त्याहून जुनी. १९६७ मध्ये फ्रेड रम्सी या गोलंदाजाने पुढाकार घेऊन ती उभारली. आज तिची माणसे काउंटी-काउंटीतून फिरतात आणि खेळाडू ऐन उमेदीत असतानाच त्याला विचारतात, "पुढे काय शिकणार?" तिच्याशी जोडलेला न्यास आजारपणात व शस्त्रक्रियेत मदत करतो. १९७७ मध्ये पॅकरच्या सामन्यांत खेळणाऱ्यांवर बंदी आली, तेव्हा लंडनच्या न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. क्रिकेट हा त्यांच्या चरितार्थाचा व्यवसाय आहे, हे तत्त्व त्यातून दृढ झाले. आपल्याकडे २०१९ मध्ये लोढा समितीच्या शिफारशीनुसार क्रिकेटपटूंची संघटना निघाली आणि मंडळाने तिला मान्यता दिली. परंतु तिचे सभासद कोण? केवळ माजी खेळाडू. म्हणजे काम चालू असताना युनियन नाही, काम सुटल्यावर युनियन! जो मालकाशी करार करणार आहे तो बाहेर, आणि ज्याचा करार संपला तो आत. आम्ही हे आमच्या एका वृद्ध सहकाऱ्याला सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका पाहायची."

मग करावे काय? आमच्या मते तीन गोष्टी कराव्यात. देशांतर्गत खेळाडूला दिवसाच्या रोजाबरोबर वर्षाचा करार मिळावा, आणि त्यातून निधीची कपात पहिल्या सामन्यापासून व्हावी. खेळत्या खेळाडूला संघटनेत जागा असावी. आणि प्रत्येक संघाने मुलाला खेळ शिकवताना दुसरे एक काम शिकण्यास सक्तीने वेळ द्यावा. दुसरे काम शिकल्याने खेळ बिघडतो, ही भीती खोटी आहे. जॅक हॉब्ज हा जगातला थोर सलामीवीर. १९१९ मध्ये लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर त्याने खेळाच्या सामानाचे दुकान काढले आणि त्यानंतर पंधरा वर्षे धावांचे डोंगर रचले. खेळ सुटला तेव्हा दुकान होतेच. माइक ब्रेअर्ली इंग्लंडचे कप्तानपद करून निवृत्त झाला आणि मनोविश्लेषक म्हणून लोकांच्या मनाची दुखणी ऐकू लागला. आपले अमोल मुझुमदार यांनी प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या; त्यांनाही कसोटीची टोपी मिळाली नाही. २०१४ मध्ये ते निवृत्त झाले, शिकवण्याचे काम धरले, आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांचे प्रशिक्षक तेच होते. अर्थात, प्रत्येकाला प्रशिक्षक होता येणार नाही. जागा थोड्या आणि खेळाडू फार. म्हणूनच रंधा आणि स्टिअरिंग यांनाही मान दिला पाहिजे.

आता त्या गोलंदाजाचे सांगून आपली रजा घेतो. दोन आठवड्यांनी आम्ही स्वतः त्याच्या कचेरीत गेलो. त्याच्या विभागात एक प्रौढ बाई होत्या, त्यांना बाजूला घेऊन म्हटले, "ताई, याला काम येत नाही, आणि येत नाही हे सांगायची लाज वाटते. आपण शिकवाल काय?" ताई म्हणाल्या, "अहो, तो विचारीत नाही म्हणून आम्हांला वाटले, स्टार आहे, त्याला कशाला सांगा!" एवढेच झाले होते. त्याला वाटे हे हसतात. त्यांना वाटे हा गर्विष्ठ आहे. ताईंनी महिनाभरात त्याला नोंदवही शिकवली. पुढे त्याने भांडार विभागात बदली मागून घेतली. तिथे उठबस असते, चालणे असते. शनिवारी तो वस्तीतल्या मुलांना गोलंदाजी शिकवतो. मुलगा नवा आला की आधी त्याची परीक्षा केव्हा आहे ते विचारतो आणि त्या आठवड्यात त्याला मैदानावर येऊ देत नाही.

मागे एकदा आम्ही त्याला विचारले, "अजून अकरा वाजता उठतोस का रे?" तो म्हणाला, "उठतो ना दादा. पण आता उठून सगळ्यांसाठी चहा सांगून येतो."